जबड्याच्या सांध्याचे ‘भाकीत’ : एका वैद्यकीय परिभाषेची परीक्षा

2020 साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात जोनास बियांची, लुसिया सेविदानेस आणि त्यांचे सहकारी यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. कानाच्या किंचित पुढे असलेल्या जबड्याच्या सांध्याचा अस्थिसंधिशोथ जैविक निदर्शके आणि यंत्रशिक्षण यांच्या साहाय्याने अधिक लवकर ओळखता येतो, असे विधान या निबंधाच्या शीर्षकातच केलेले आहे. दंतवैद्यकाच्या क्षेत्रात त्याचा वारंवार उल्लेख होतो, आणि तो अनाठायी नाही. येथे मात्र त्याचा विचार कर्तव्य आहे तो त्यातील विधानांच्या अंगाने. ‘अधिक लवकर’ हे तरतमभावाचे रूप होय. मराठीत काय किंवा इंग्रजीत काय, तरतमभावास दोन पदे लागतात : अमुक हे तमुकापेक्षा अधिक. या शीर्षकात दुसरे पद नाही. कशापेक्षा लवकर, हे वाचकाने आपल्या मनाने भरून घ्यावयाचे असते. आणि तो ते बहुधा ‘सांधा बिघडण्यापूर्वी’ असे भरून घेतो. निबंधातील सामग्री मात्र तसे म्हणत नाही.

ती सामग्री अशी. सांध्याच्या विकाराच्या आरंभीच्या अवस्थेतील 46 रुग्ण आणि तो विकार नसलेल्या 46 व्यक्ती यांची तुलना केलेली आहे. प्रत्येकाच्या जबड्याच्या सांध्याचे त्रिमितीय छेदचित्र घेतले. शंकूच्या आकाराच्या क्ष-किरणझोताने घेतल्या जाणाऱ्या या चित्रास दंतवैद्य ‘सीबीसीटी’ म्हणतात. अधोहनूच्या शीर्षातील, म्हणजे खालच्या जबड्याच्या हाडाच्या सांध्यात बसणाऱ्या गोलसर टोकातील, हाडाच्या जाळीचा पोत त्या चित्रातून संगणकाने अंकांत मांडला. त्याच्या जोडीस रक्तरस व लाळ यांतील प्रथिनांची मापे घेतली, आणि डोके दुखते काय, न दुखता तोंड किती उघडते, अशी नेहमीची निरीक्षणे घेतली. अशा एकूण 52 गुणविशेषांवर यंत्राला शिकविले, तेव्हा कोण रुग्ण व कोण निरोगी हे त्याने सुमारे 82 टक्के अचूकतेने सांगितले. कामगिरी लहान नाही. चित्र, लाळ आणि रुग्णाचे बोलणे ही तीन परस्परभिन्न प्रकारची साक्ष एकत्र वाचण्याचा हा प्रयत्न आहे, आणि केवळ चित्रावर विसंबणाऱ्या पुष्कळशा लेखनापेक्षा तो अधिक विचारी आहे. परंतु ही सर्व मापे एकाच वेळची आहेत. रुग्ण आधीच रुग्ण होते. कालांतराने काय झाले याची नोंद नसलेल्या सामग्रीतून ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांविषयी काही सिद्ध होऊ शकत नाही. फार तर ‘सारखा’ आणि ‘वेगळा’ यांविषयी होते.

निबंधाच्या शीर्षकातील क्रियापद ‘निदान करणे’ हेच आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. घोटाळा होतो तो पुढच्या पायरीवर. यंत्रशिक्षणाच्या शास्त्रात यंत्राने दिलेल्या कोणत्याही उत्तरास ‘प्रेडिक्शन’ म्हणण्याचा परिपाठ आहे. समोरच्या चित्रात मांजर आहे असे यंत्राने सांगितले तरी ते प्रेडिक्शनच. त्या शास्त्रापुरता हा शब्द निरुपद्रवी आहे, कारण तेथे तो काळाचा वाचक उरलेला नाही. यंत्राला आधी न दाखविलेल्या उदाहरणाविषयीचे उत्तर, इतकाच त्याचा अर्थ. पण हाच शब्द वैद्यकाच्या दारातून आत आला की त्याला त्याचा जुना, काळवाचक अर्थ पुन्हा चिकटतो, आणि मराठीत येताना तर ‘भाकीत’ होऊन येतो. एका शास्त्रात ‘वर्गीकरण’ असलेली गोष्ट तीन मुक्कामांत ‘भविष्य’ होऊन बसते, आणि वाटेत कोणीही खोटे बोललेला नसतो.

भारतीय तर्कशास्त्राच्या अभ्यासकांस हा भेद नवा नाही. न्यायसूत्रांत अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत : पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट. वात्स्यायनाच्या भाष्यातील पहिल्या दोहोंची उदाहरणे प्रसिद्ध आहेत. ढग दाटून आले, तेव्हा पाऊस पडेल, हे कारणावरून कार्याचे अनुमान पूर्ववत्. नदीचे पाणी वाढून गढूळ झाले आहे, तेव्हा वर कोठेतरी पाऊस पडून गेला, हे कार्यावरून कारणाचे अनुमान शेषवत्. नाशिककरांना हा भेद पाठांतराने शिकावा लागत नाही. गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यास, कंबरेस किंवा छातीस पाणी लागले की त्र्यंबकेश्वराकडे आणि गंगापूर धरणाच्या पाणलोटात पाऊस किती झाला असेल, धरणातून विसर्ग किती सोडला असेल, याचा अजमास शहर करते. ते शेषवत् अनुमान होय. तेच पाणी पाहून नदीखालची गावे उद्याची तयारी करतात, तेव्हा ते पूर्ववत् होते. चिन्ह एकच, अनुमाने दोन. आणि दुसऱ्याचे प्रामाण्य पहिल्यावरून मिळत नाही. वर पाऊस पडून गेला हे खात्रीने सांगणारा मनुष्य खाली पाणी किती चढेल हे सांगू शकेलच असे नाही. त्यास नदीचे पात्र, उपनद्या, धरणातील साठा यांचे वेगळे ज्ञान लागते.

जबड्याच्या सांध्याचे चित्र हे असे चढलेले पाणी आहे. त्यावरून झालेल्या गोष्टीचे अनुमान करता येते. होणाऱ्या गोष्टीचे अनुमान करण्यासाठी त्याच सांध्याचे दुसरे चित्र, काही वर्षांनंतरचे, हाती असावे लागते.

वैद्यकाच्या भाषेत यासाठी निरनिराळे शब्द पूर्वीपासून आहेत आणि ते एकमेकांच्या जागी वापरले जात नव्हते. माधवनिदानाच्या परंपरेत रोग जाणण्याची पाच साधने सांगितली आहेत : निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. येथे ‘निदान’ म्हणजे रोगाचे कारण. आजच्या मराठीत त्या शब्दाचा अर्थ ‘रोग ओळखणे’ असा सरकला आहे. ‘पूर्वरूप’ म्हणजे रोग व्यक्त होण्याआधीची चिन्हे. रोग बरा होईल की नाही याचा विचार याहून वेगळा. त्यासाठी साध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य अशा पायऱ्या आहेत, आणि त्या प्रत्येकीत वैद्याने पुढे काय करावे हेही सूचित आहे. जबडा उघडाच राहणे किंवा मिटलेलाच राहणे या अवस्थेस त्या ग्रंथांत ‘हनुग्रह’ असे नाव असून तो वातव्याधींत घातला आहे. हे सारे आजच्या विकृतिशास्त्राशी जुळते असा दावा येथे मुळीच नाही. जुन्या परिभाषेने ‘रोग आहे’, ‘रोग येत आहे’ आणि ‘रोग कोठवर जाईल’ ही तीन वाक्ये वेगळी ठेवली होती, आणि नव्या परिभाषेने ती एका शब्दात कोंबली, एवढाच मुद्दा आहे.

मराठी वृत्तपत्रे या बाबतीत कित्येक संशोधनपत्रिकांपेक्षा अधिक काटेकोर आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेस घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पीकपाण्याविषयी जे सांगितले जाते, त्यास ती ‘भाकीत’ म्हणतात. हवामान खाते जे सांगते त्यास बहुधा ‘अंदाज’ म्हणतात. अंदाज चुकू शकतो हे त्या शब्दातच आहे. भाकीत खरे किंवा खोटे ठरते. अंदाज कमीअधिक बरोबर ठरतो. संगणकाने 82 टक्के अचूकतेने दिलेल्या उत्तरास या दोहोंपैकी कोणता शब्द शोभतो, हे सांगण्यास वैद्यकाची पदवी लागू नये.

येथवर विचार झाला तो अनुमानाचा. पण ज्या चिन्हावरून अनुमान करावयाचे ते चिन्ह तरी निर्विवाद आहे काय? क्ष-किरणांचा शोध 1895 सालचा. संगणकीय छेदचित्र रुग्णावर प्रथम घेतले गेले ते 1971 साली. दंतवैद्यकात शंकूकिरणांचे यंत्र रुळू लागले ते 1998 नंतर. चित्र सुस्पष्ट होत गेले, तसतसे ते वाचणाऱ्यांचे मतैक्य वाढत गेले, पण ते पूर्ण कधीच झाले नाही. मिनेसोटा विद्यापीठाचे मन्सूर अहमद व त्यांचे सहकारी यांनी 2009 साली या सांध्याची चित्रे वाचण्याचे निकष प्रसिद्ध केले आणि अनुभवी वाचकांचे एकमत किती होते तेही मोजले. त्यासाठी वापरलेला ‘कप्पा’ गुणांक भाषिक सामग्रीवर खुणा करणाऱ्यांच्या परिचयाचा आहे. योगायोगाने जुळलेली मते वजा करून उरलेले मतैक्य तो दाखवितो. संपूर्ण जबड्याच्या एका सपाट क्ष-किरणचित्रावरून अस्थिसंधिशोथ ठरविताना हा गुणांक 0.16 आला, चुंबकीय चित्रावरून 0.46 आणि छेदचित्रावरून 0.71. छेदचित्र प्रमाण मानले, तर सपाट चित्राने विकृत सांध्यांपैकी चौथ्या हिश्श्याच्या आसपासच सांधे पकडले. यातला पहिला आकडा विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कारण सामान्य दवाखान्यात, नाशिकमध्ये असो वा अन्यत्र, रुग्णाच्या हाती पडते ते बहुधा हेच सपाट चित्र.

त्या निकषांतील शब्दयोजना मात्र अभ्यसनीय आहे. हाडाची झरलेली कड, हाडाला फुटलेला काटा, पृष्ठाखालची पोकळी आणि सर्वत्र पसरलेला घट्टपणा, यांपैकी काही आढळले तर अस्थिसंधिशोथ म्हणावे. पण केवळ शीर्ष सपाट झालेले दिसले, किंवा पृष्ठाखाली थोडा घट्टपणा दिसला, तर ‘अनिश्चित’ म्हणावे, असे तेथे सांगितले आहे. सपाटी ही विकृतीची खूण असेल, किंवा चर्वणाच्या भाराशी हाडाने करून घेतलेले जुळते घेणेही असेल. ‘अनिश्चित’ हा वर्ग परिभाषेत ठेवणे हे या निकषकर्त्यांचे मोठेच शहाणपण होय. यंत्राला शिकविताना बहुधा पहिला बळी याच वर्गाचा जातो. कारण दोनच खाने असले म्हणजे यंत्र अधिक अचूक दिसते.

आता ‘झीज’ या शब्दाकडे वळावे. अपकर्ष, अपजनन, ऱ्हास असे पर्याय परिभाषेच्या वहीत असतील; पण रुग्णाशी बोलताना महाराष्ट्रातील कोणताही डॉक्टर ‘झीज’ हाच शब्द वापरतो, आणि तो वापरण्यासारखाही आहे. तथापि त्याचे संसर्ग पाहावे. चप्पल झिजते, सहाण झिजते, नाणे झिजते, कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले जातात. या सर्व ठिकाणी झीज ही वापराने होते, एकाच दिशेने होते, आणि झिजलेले परत भरून येत नाही. जबड्याच्या सांध्याबद्दल यातले एकही गृहीत पुरते खरे नाही. त्या सांध्याचे पृष्ठ गुडघ्याप्रमाणे काचेसारख्या कूर्चेचे नसून तंतुमय कूर्चेचे असते, आणि त्याखालचे हाड आयुष्यभर आपला आकार बदलीत असते. खरबरीत झालेल्या कडेवर पुन्हा घट्ट कवच येते. दुखणे थांबते आणि चित्र तसेच वाकडे राहते. याच सांध्याच्या रुग्णांचा सुमारे आठ वर्षांनी पुन्हा शोध घेणारे जे संशोधन अमेरिकेत झाले, त्यात बहुसंख्य सांधे होते तसेच आढळले. उरलेल्यांपैकी काही बिघडले होते, पण काही सुधारलेही होते. सहाण सुधारत नाही. ‘झीज’ ऐकलेला रुग्ण मात्र सहाणेचाच विचार करतो, चावणे सोडतो, एका बाजूने जेवू लागतो, आणि स्नायूंचे नवे दुखणे ओढवून घेतो. चित्रातील विकृतीचे प्रमाण आणि रुग्णाच्या वेदनेचे प्रमाण यांचा मेळ या सांध्यात फारसा बसत नाही, हे दंतवैद्यांना ठाऊक आहे. ‘झीज’ शब्दात ती माहिती कोठेच नाही.

संस्कृतातील ‘हनु’ हाही असाच फसवा. त्याचा अर्थ जबडा. मराठीत त्यापासून आलेली ‘हनुवटी’ मात्र खाली सरकून ओठाखालच्या टोकास चिकटली. त्यामुळे ‘हनुसंधी’ हा निर्दोष पारिभाषिक शब्द ऐकून मराठी माणूस बोट ठेवतो ते भलत्याच ठिकाणी. नाशिकहून त्र्यंबकेश्वरास जाताना लागणारा अंजनेरीचा डोंगर ज्याचे जन्मस्थान मानला जातो, त्या हनुमंताचे नाव इंद्राच्या वज्राने जबड्यास झालेल्या इजेवरून पडले अशी कथा आहे. ती सांगणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या मनात हनुवटीच असते. ‘जबड्याचा सांधा’ म्हणणे हे यापेक्षा बरे.

परंतु शब्दांचा खरा अडसर लागतो तो रुग्णाच्या बोलण्याची मापे करताना. वर उल्लेखिलेल्या निबंधात यंत्राने ज्या गुणविशेषांस अधिक वजन दिले, त्यांत चित्राच्या पोताबरोबर डोकेदुखी आणि न दुखता तोंड उघडण्याचा आवाका हे दोन होते. हे दोन्ही रुग्णाच्या भाषेतून आणि रुग्णाच्या देशातून येतात. महाराष्ट्रात ‘तोंड उघडत नाही’ या एका वाक्यात किती रोग सामावतात ते पाहावे. धनुर्वातातील दातखीळ, लहानपणीच्या माराने किंवा कानाच्या पुवाने सांधा जखडणे, सांध्यातील चकती पुढे सरकून अडकणे, चर्वणस्नायू आखडणे, आणि सुपारी व गुटखा यांमुळे तोंडातील आवरणाखाली तंतू साचून गाल ताठ होणे. यांतील शेवटच्या विकाराचा सांध्याशी संबंध नाही. राज्यात 2012 साली गुटख्यावर बंदी आली, तरी तो विकार दंतमहाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांना आजही सुपरिचित आहे. ज्या समाजात तो विरळ आहे तेथे शिकलेल्या यंत्राला तोंडाचा आवाका कमी दिसला की ते सांध्याकडे बोट दाखविणार. नाशिकमध्ये त्याच यंत्राने तेच बोट दाखविले तर ते सुपारी खाणाऱ्या तरुणाच्या निकोप सांध्याकडेही असू शकेल. यंत्र चुकले असे म्हणता येणार नाही. त्याने जी भाषा शिकली त्या भाषेत हा शब्द अनेकार्थी नव्हता.

डोकेदुखीचेही तसेच. या विकारांच्या निदानासाठी 2014 साली प्रसृत झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांबरोबर एक प्रश्नावली आहे. तिचा पहिलाच प्रश्न जबडा, कानशील, कान किंवा कानापुढील भाग येथे कधी दुखले काय, असा आहे. ‘कानशील’ हे कोशाप्रमाणे योग्यच भाषांतर. पण ‘कानशिलात लगावली’ असे म्हणतो तेव्हा हात पडतो तो गालावर. डोळ्याच्या बाजूचा खळगा आणि गालाचा वरचा भाग ही दोन्ही स्थाने या एका शब्दात येतात, आणि दंतवैद्यास त्यांपैकी एकच हवे असते, कारण तेथे कोणता स्नायू आहे यावर निदान अवलंबून आहे. मराठीतील डोकेदुखी तरी एकच कोठे आहे? डोके दुखते, धरते, जड होते, ठणकते, चढते. प्रश्नावलीत ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढीच जागा असते. अशा प्रश्नावल्यांचे भाषांतर उलट भाषांतराने ताडून पाहावे हा दंडक मान्य झालेला आहे. पण उलट भाषांतर करणारा विद्वान ‘कानशील’ हे पुन्हा शंखप्रदेश असेच करील, आणि परीक्षा उत्तीर्ण होईल. येथे हवे असते ते रुग्णास बोट ठेवावयास सांगणे.

चित्रांच्या पोताविषयी एक गोष्ट थोडक्यात नोंदवावी. शंकूकिरणांच्या छेदचित्रातील करड्या छटांचे अंक यंत्रागणिक, आवाक्यागणिक आणि किरणांच्या विखुरण्यागणिक बदलतात. रुग्णालयातील मोठ्या छेदचित्रयंत्राप्रमाणे ते एका ठरीव मापपट्टीवर बसत नाहीत. एका शहरात शिकलेला पोत दुसऱ्या शहरातील दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावर तोच अर्थ देईल ही अपेक्षा, एका बोलीतील स्वनांची मापे दुसऱ्या बोलीस तशीच लावण्यासारखी आहे.

आता त्या 82 टक्क्यांचे पुढे काय होते ते पाहू. मूळ निबंधात रुग्ण आणि निरोगी हे निम्मेनिम्मे होते. दवाखान्याबाहेर तसे नसते. समजा, एक हजार माणसांत 50 जणांस हा विकार आहे, आणि यंत्र रुग्ण व निरोगी दोघांनाही 82 टक्के वेळा बरोबर ओळखते. 50 रुग्णांपैकी 41 ते पकडील. 950 निरोग्यांपैकी 171 जणांस मात्र रुग्ण ठरवील. ‘तुम्हांला हा विकार आहे’ असे ज्या 212 जणांस सांगितले जाईल, त्यांतील पाचांपैकी चार जण निरोगी असतील. हे आकडे केवळ उदाहरणार्थ घेतले आहेत. पण ‘82 टक्के अचूक’ हे विशेषण निबंधात ज्याचे होते त्याचे ते दवाखान्यात राहत नाही, हे त्यांवरून दिसून येईल. वाक्य तेच, कर्ता बदलला.

मराठी क्रियापदाची गोष्ट या ठिकाणी गंभीर होते. ‘सांधा झिजला आहे’, ‘झिजतो आहे’, ‘झिजू शकेल’, ‘झिजेल’, ‘झिजणार’. शेवटच्या दोन रूपांत अंतर आहे. ‘पाऊस येईल’ यात बोलणाऱ्याचा अंदाज असतो. ‘पाऊस येणार’ यात त्याला काहीतरी आधार दिसलेला असतो आणि गोष्ट ठरल्यासारखी असते. छेदचित्राच्या इंग्रजी अहवालात लिहिलेले असते ते ‘अपकर्षात्मक बदल आढळतात’ एवढेच. त्यात भविष्यकाळ नाही. डॉक्टर त्याचे ‘सांधा झिजलाय’ असे करतो, आणि घरी पोचेपर्यंत त्याचे ‘जबडा जाणार’ झालेले असते. यंत्राचे उत्तर याहून वेगळ्या जातीचे आहे. ते त्या एका माणसाविषयी नसतेच. ‘ज्यांची चित्रे अशी दिसतात अशा शंभर जणांपैकी इतक्यांना हा विकार होता’, हे त्याचे खरे रूप, आणि त्यातील क्रियापद भूतकाळी आहे. त्याचे रूपांतर ‘तुम्हांला होणार’ असे करण्यात पुरुष, वचन आणि काळ अशी व्याकरणाची तीन अंगे एकदम बदलतात.

या बदलाची किंमत कोणी दिली नाही असे नाही. या सांध्याच्या इतिहासात खात्रीच्या भाषेने केलेले नुकसान नोंदलेले आहे. 1934 साली सेंट लुई येथील कान-नाक-घशाचे तज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी दात गेल्यामुळे जबडा अधिक मिटतो, सांध्याचा दाब मागे पडतो, आणि त्यामुळे कानाची व डोक्याची दुखणी उद्भवतात असे मत मांडले. शरीररचनेचा त्यांचा आधार पुढे टिकला नाही. तरी त्यांच्या नावाचा विकार आणि चावा उंच करण्याचे उपचार दीर्घकाळ चालू राहिले. 1980 नंतरच्या दशकात अमेरिकेत सांध्यातील बिघडलेल्या चकतीच्या जागी प्रोप्लास्ट-टेफ्लॉनची कृत्रिम चकती बसविण्यात आली. चर्वणाच्या भाराखाली ती चकती तुटली, तिच्या कणांनी भोवतालचे हाड खाऊन टाकले, आणि 1990–91 मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने ती मागे घ्यावयास लावली. चकती सरकलेला सांधा पुढे झिजणारच, ही समजूत त्या शस्त्रक्रियांच्या मुळाशी होती. पुष्कळशा सांध्यांत चकती सरकूनही काही होत नाही, हे चुंबकीय चित्रे सर्रास निघू लागल्यावर कळले.

पूर्वानुमानाची गरजच नाही, असा याचा अर्थ करणे अन्यायाचे होईल. काही किशोरवयीन मुलींत अधोहनूचे शीर्ष थोड्या अवधीत विरघळू लागते, जबडा मागे जातो आणि पुढचे दात मिटेनासे होतात. अशा मुलीचे दात तारेने सरळ करण्यास घेतले, किंवा जबड्याची शस्त्रक्रिया केली, आणि हाडाचे विरघळणे चालूच राहिले, तर सगळे केलेले फुकट जाते. हे विरघळणे चालू आहे की थांबले, हे आधी कळणे तिच्या दृष्टीने आयुष्यभराच्या मोलाचे आहे. सेविदानेस यांच्या गटाने त्रिमितीय प्रतिमांवर एकावर एक आकार बसवून हाड कोठे गेले व कोठे वाढले हे मोजण्याच्या ज्या रीती अनेक वर्षे घडविल्या, त्यांचे महत्त्व येथे आहे. तुलना दोन काळांची असेल तर त्या रीती खऱ्या अर्थाने पुढचे सांगू शकतील. दोन माणसांची तुलना असेल तर सांगू शकणार नाहीत, मग यंत्र कितीही कुशाग्र असो.

नाशिकमध्ये या प्रश्नास एक व्यावहारिक बाजूही आहे. 1998 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय येथे आहे, आणि राज्यभरच्या दंतमहाविद्यालयांतील पदव्युत्तर प्रबंध त्याच्या कक्षेत येतात. प्रबंध इंग्रजीत लिहिले जातात. त्यांतील मराठी भाग एकच : संशोधनात भाग घेणाऱ्याने सही करावयाचे संमतिपत्र. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते सहभागी व्यक्तीस समजेल अशा भाषेत असले पाहिजे. प्रबंधाचा हा भाग सर्वांत शेवटी आणि बहुधा सर्वांत घाईने लिहिला जातो. जबड्याच्या सांध्याच्या प्रतिमांवर काम करणाऱ्याने त्यात ‘या तपासणीमुळे आपल्या सांध्याची झीज आधीच कळेल’ असे लिहिले, तर त्याच्या प्रबंधात सिद्ध न होणारे विधान त्याच्या संमतिपत्रात सिद्ध होऊन बसते. आणि त्या विधानाच्या भरवशावर मनुष्य क्ष-किरणांची जादा मात्रा घेण्यास तयार होतो. ती मात्रा मोठी नसली तरी यंत्र व चित्राचा आवाका यांप्रमाणे कितीतरी पट कमीजास्त होते, आणि दुसरे चित्र घ्यावयाचे तर ती दुप्पट होते.

त्या जागी असे काही लिहिता येईल : ‘या तपासणीत आपल्या जबड्याच्या सांध्याचे आजचे चित्र घेतले जाईल. असे चित्र असलेल्यांपैकी किती जणांचा सांधा पुढे बिघडतो, किती जणांचा तसाच राहतो आणि किती जणांचा सुधारतो, हे अजून ठरलेले नाही. ते ठरविण्यासाठी आपणांस तीन वर्षांनी पुन्हा बोलाविण्यात येईल.’ वाक्य लांब आहे, आणि त्याने सहभागी थोडे कमी मिळतील.